न दिसलेलं ग्रहण

रविवार. दुपारचे अडीच. सूर्याला ग्रहण लागलं.

तीनच्या सुमाराला आडदरं गावात, निवृत्ती खाडे यांच्या घरात, मधल्या खोलीत, त्यांच्या बायकोच्या – सगुणाच्या – पोटात पहिली कळ आली.

मंडळी, ऐका! एवढ्या दोन गोष्टी घडल्या. एक आकाशात, एक जमिनीवर. त्या दोहोंचा एकमेकींशी संबंध काय, हा प्रश्न मी आज विचारणार नाही. तो सोपा आहे. शाळेतलं पोर उत्तर देईल. मी दुसरा विचारतो. अवघड आहे, म्हणून आधीच सांगून ठेवतो – घाईनं माना डोलवू नका!

एका माणसाला खरं माहीत आहे. कुणीतरी येऊन त्याला विचारलं. तो खोटं बोलला नाही. एक अक्षरही खोटं नाही! पण निम्मं बोलला आणि थांबला. तर त्याला काय म्हणायचं? खरा म्हणायचं, की खोटा?

मृदंगवाले दादा, तुम्ही सांगता? नको? शहाणे आहात. मीही लगेच सांगत नाही. आधी घडलं ते सांगतो, मग तुम्हीच ठरवा.

रविवारचं ग्रहण तुम्हीही पाळलंत ना? पाळलंत! मला माहीत आहे. देवळाचं दार लावलं होतं, घराघरात पाण्याच्या हंड्यावर तुळशीचं पान होतं. काही घरांत तर फ्रीजवर दर्भ ठेवला होता! आत काल रात्रीची आमटी, वर दर्भ, आणि समोर टीव्हीवर क्रिकेटची मॅच! हसू नका, मी कुणाचं नाव घेतलेलं नाही.

तसंच आडदऱ्यातही पाळलं. तिथं जरा जास्त कडक पाळतात. आणि पोटुशी बाई घरात असेल तर – माय-माउल्यांनो, तुम्हाला मी काय सांगणार – खिडकीला गोधडी, दाराला कडी. चिरायचं नाही, शिवायचं नाही, सुई नाही, विळी नाही. पाणी नाही. आणि आडदऱ्यात आणखी एक – अंग वाकडं करायचं नाही. ताठ झोपायचं, हातपाय सरळ, मोक्ष होईपर्यंत. का? तर बाई जशी वाकेल तसं लेकरू वाकडं होतं.

आता विचार करा. पोटात कळ आली की माणूस काय करतो? वळतो. गुडघे पोटाशी घेतो. कुणी शिकवावं लागत नाही. सगुणाला कळ आली, आणि ती वळली नाही. खाटेच्या दोन्ही कडा हातांनी धरल्या आणि ताठ पडून राहिली. एकामागून एक कळा आल्या, तरी ताठ! आठवा महिना होता. दिवस भरले नव्हते. कळा यायला नको होत्या, पण आल्या.

तुम्ही म्हणाल, बुवा, सासूनं कोंडलं असेल. हो, कडी सासूनंच घातली होती. भामाबाई तिचं नाव. पण कथेत एक दुष्ट माणूस सापडला की ऐकणाऱ्याला बरं वाटतं – आपण सुटतो! इथं तसं सुटता येणार नाही. भामाबाई आतच बसली होती. सुनेच्या उशाशी, जपमाळ हातात. सुनेच्या कपाळाचा घाम पदरानं पुसत होती. आणि म्हणत होती,

"सगुणे, धीर धर माझ्या बाई. मोक्ष हुईस्तोवर. मग मी तुला पाठीवर घिऊन जाते. पर आता न्हाई. त्या पोरीगत पुन्हा नगं व्हायला."

त्या पोरीगत. ही पोरगी कोण?

सगुणाची थोरली. पारू. सहा वर्षांची. जन्मली तेव्हा तिचा वरचा ओठ दुभंगलेला होता, थेट नाकापर्यंत. दूध ओढता येईना. बोंडल्यानं पाजून वाढवली. आणि बारशाच्या आधीच गावात कारण ठरलं – आईनं ग्रहणात काहीतरी चिरलं. काय चिरलं? तेही ठरलं. लाल भोपळा. विळीवर. आषाढातल्या अवसेला.

पारूला गावात काय म्हणत, ठाऊक आहे? 'गिराणी'. गिराण लागलेली ती गिराणी. पोर शाळेत जाई, पण तोंडावर फडकं धरून. तालुक्याला शिबिर झालं होतं, डॉक्टर आले होते – ओठ शिवून देतो म्हणाले, फुकट! भामाबाईनं नेलं नाही. म्हणाली, "गिराणाचं हाय ते. शिवलं तरी उसवंल." त्यावर सगुणा काही बोलली नाही. कशी बोलणार? सहा वर्षं ती स्वतःला गुन्हेगार समजत होती.

आणि रविवारी सगळं गाव दारं लावून बसलं असताना पारू कुठं होती? अंगणात! एकटी! आजीनंच बसवलं होतं. "तिला काय व्हायचंय? तिचं झालंय न्हवं," म्हणाली. 

शेवग्याचं झाड आहे अंगणात. अर्धा सूर्य झाकला की पानांतून पडणारा उजेड बदलतो – तुम्ही पाहिलंय? नाही पाहिलं, दारं लावली होती ना! एरवी गोल कवडसे पडतात, त्या वेळी कोयत्यासारखे पडतात. अंगणभर छोटेछोटे उजेडाचे कोयते. पारू ते फ्रॉकच्या ओच्यात गोळा करत होती. सबंध गावात त्या दुपारी ग्रहण पाहिलं ते त्या एका पोरीनं.

जरा थांबतो इथं. पाणी घेतो. तुम्हीही जरा सैल बसा.

तुम्हाला वाटत असेल, असं आपल्याकडेच आहे. नाही हो! चीन देशात पूर्वी म्हणत, अजगर सूर्य गिळतो. मग सगळे रस्त्यावर – ढोल, थाळ्या, डबे – अजगरानं घाबरून सूर्य ओकावा म्हणून! आणि ओकायचाच, दर वेळी! युरोपात उत्तरेकडे बर्फाचे देश आहेत, तिथं लांडगा सूर्याच्या मागं लागायचा. आणि समुद्रापलीकडे मेक्सिको म्हणून देश आहे. तिथली पोटुशी बाई ग्रहणात काय करते? कमरेला लोखंड बांधते. सेफ्टी पिन लावते, पूर्वी म्हणे चाकूच ठेवत पोटाशी! का? लेकराचा ओठ फाटू नये म्हणून!

कळलं का? इथं चाकू हातात घेतला तर ओठ फाटतो, आणि तिथं चाकू जवळ नसला तर फाटतो! सूर्य तोच. चंद्र तोच. भीतीही तीच – आईची. आई जगात कुठलीही असो, तिला वाटतं माझ्या हातून काही चुकू नये. त्या भीतीला मी हसणार नाही. तुम्हीही हसू नका.

आणि आफ्रिकेत एक जमात आहे, त्यांचं ऐका. ते म्हणतात, ग्रहण म्हणजे सूर्याचं आणि चंद्राचं भांडण. ते मिटावं म्हणून काय करायचं? आधी आपलं मिटवायचं! ग्रहण लागलं की ते लोक ज्याच्याशी अबोला आहे त्याच्या दारी जातात आणि जुनं भांडण संपवतात. आपण ग्रहणात दार लावतो. ते दार ठोठावतात. एवढं लक्षात ठेवा. मी परत येणार आहे या गोष्टीकडे.

चला, आडदऱ्याला.

साडेतीनला सगुणाला रक्त जायला लागलं. थोडं नाही. भामाबाईनं पाहिलं आणि जपमाळ खाली ठेवली. तिनं आठ बाळंतपणं पाहिली होती, तिला कळलं. कडी तिनं स्वतः काढली – हे मी मुद्दाम सांगतो – आणि ओट्यावर बसलेल्या लेकाला हाक मारली.

"निवृत्ती! गाडी बोलीव!"

गावात गाडी एकच, अल्ताफची जीप. तालुक्याला माणसं नेतो-आणतो. निवृत्तीनं फोन लावला आणि अल्ताफ आला. आता त्याच्या घरची गंमत ऐका. त्याचीही बायको पोटुशी आहे, आणि त्याच्या आईनं तिला सकाळपासून खाटेवर सरळ झोपवलं होतं! धर्म वेगळा, प्रार्थना वेगळी, पण सासू? सासू तीच! आई म्हणाली, "आज गाडी काढू नकोस रे." अल्ताफ म्हणाला, "अम्मी, गाडी पोटुशी नाही!" आणि निघाला.

जीप दारात. सीट पाडून गादी घातली. दार उघडं. सासू तयार, नवरा तयार, ड्रायव्हर तयार. आता अडलं कुठं?

सगुणा उठेना!

"म्या न्हाई यायची," म्हणाली. ओठ पांढरे पडले होते, पण आवाज ठाम. "बाहेर गिराण हाय."

"आगं, रगत चाललंय तुझं!" भामाबाई ओरडली.

"जाऊ द्या. पारूच्या येळंला म्या येकदा चुकले. ह्या लेकराचं तोंड म्या फाडणार न्हाई."

अल्ताफ उंबऱ्याबाहेरून म्हणाला, "भाभी, चादर घालून नेतो. एक किरण लागू देत नाही."

"न्हाई."

निवृत्तीनं हात धरला. तिनं खाट सोडली नाही. उचलायला गेला तर रक्त आणखी वाहू लागलं. सोडून दिलं त्यानं. आणि मग सासू – ज्या सासूनं सहा वर्षं हेच तिला शिकवलं ती सासू – पाया पडली हो तिच्या! "चल माझ्या बाई, मी चुकले, चल!" सगुणा म्हणाली, "आत्याबाई, तुमीच तर सांगितलं."

काय करणार? भीती शिकवायला आपल्याला सहा वर्षं मिळतात. काढायला किती मिळतात?

मग निवृत्तीला एकच सुचलं. ज्याच्या शब्दावर गावात ग्रहण पाळतात, त्याचाच शब्द आणायचा. जोशीकाका. वामन जोशी, गावचे भिक्षुक. देवळाच्या भोंग्यावरून ते सांगतात – वेध कधी, स्पर्श कधी, मोक्ष कधी. त्यांनी सांगितलं की चुली पेटतात. निवृत्ती नदीकडे पळाला.

जोशीकाका नदीत होते. कंबरभर पाण्यात उभे, डोळे मिटलेले, माळ चाललेली. ग्रहणातला जप. त्यात बोलायचं नसतं. निवृत्ती काठावरून ओरडला, "काका! सगुणाचं बरं न्हाई! रगत जातंय! तुमी येऊन सांगा तिला!"

काकांनी डोळे उघडले. हात वर केला. थांब. आणि डोळे पुन्हा मिटले.

इथं मी फार सांभाळून बोलतो. गावात म्हणतात, काका अर्धा तास हलले नाहीत. ते खरं नाही. काहीजण म्हणतात, लगेच आले. तेही खरं नाही. मी स्वतः काकांना विचारलं – सोमवारी माझं कीर्तन होतं आडदऱ्यात, म्हणून मी पोचलो होतो. कीर्तन झालं नाही. तालुक्याच्या दवाखान्याच्या पायरीवर काका बसले होते, तिथं विचारलं. "काका, माळ पुरी केलीत का?"

ते म्हणाले, "केली."

 मग म्हणाले, "बुवा, हे कीर्तनात सांगायचं असेल तर सांगा. पण माझं नाव घेऊन सांगा." भामाबाईही तिथंच होती. ती म्हणाली, "माझंबी घ्या." म्हणून नावं घेतोय, मंडळी. एरवी घेतली नसती.

काका आले. ओल्या पंच्यानं, ठिबकत. दारात उभे राहिले. आत अंधार, डोळ्यांना काही दिसेना. आतून नुसता श्वास ऐकू येत होता – ओढून घेतलेला.

"सगुणे," काका म्हणाले, "मी वामनकाका. ऐक. शास्त्रात आजारी माणसाला सूट आहे. लहान मूल, म्हातारं माणूस, आजारी – यांना ग्रहणाचं बंधन नाही. मी सांगतोय. ऊठ."

आतून आवाज आला, "पारूच्या येळंला मला सूट मिळाली व्हती का, काका?"



मंडळी, आता आपण सहा वर्षं मागं जाऊ. पारू जन्मली होती. चौथा-पाचवा दिवस असेल. भामाबाई काकांच्या घरी गेली. विचारलं, "काका, पोर पोटात आसताना गिराण व्हतं का वो?"

काकांनी पंचांग पाहिलं. "होतं," म्हणाले. "आषाढी अवसेला. सूर्यग्रहण."

भामाबाईनं कपाळाला हात लावला आणि निघून गेली. झालं. एवढंच बोलणं. खोटं आहे का यात काही? नाही! त्या अवसेला सूर्यग्रहण होतं. खरंच होतं! पंचांगात छापलं होतं, आणि त्याच्या पुढं आणखी तीन शब्द छापले होते – 'भारतात दिसणार नाही'.

दक्षिण अमेरिकेत दिसलं ते ग्रहण. आपल्याकडे तेव्हा रात्र होती! सूर्यच नव्हता आकाशात! आणि जिथं ग्रहण दिसत नाही तिथं ते पाळायचं नसतं, हे मी म्हणत नाही, काकांचंच शास्त्र म्हणतं! वेध नाही, सुतक नाही, काही नाही. ज्या शास्त्राच्या नावानं त्या बाईला सहा वर्षं सुळावर ठेवलं, त्याच शास्त्रानं ती पहिल्याच दिवशी सुटली होती!

मग काका निम्म्यावर का थांबले? मी विचारलं त्यांना. मला वाटलं, मोठं काही कारण असेल. जुनं वैर, कुणाची भीड, काहीतरी. काका म्हणाले,

"पान वाढलेलं होतं, बुवा. भात निवत होता. भामाबाई उत्तर घ्यायला आली होती; उत्तर मिळालं की जाईल असं वाटलं. पुढचं सांगितलं असतं तर ती बसली असती. मग कुणामुळं झालं, कशामुळं झालं, विचारत बसली असती. माझ्याकडे त्याचं उत्तर नव्हतं."

भात निवत होता! ऐकताय ना मंडळी? आणि नंतर? नंतर गावात भोपळ्याची गोष्ट पसरली तेव्हा काकांच्या कानावर आली. तेव्हा सांगायचं होतं. तेव्हा वाटलं, आता सांगितलं तर लोक म्हणतील, मग आधी का नाही बोललात? वर्षं गेली. पारू तोंडावर फडकं धरून त्यांच्या अंगणावरून शाळेत जायला लागली. काका दर वेळी तिला साखर द्यायचे. साखर दिली, शब्द दिला नाही.

आता चला परत. रविवार. दारात ओल्या पंच्यानं काका उभे. मागं अंगणात गाव गोळा झालेलं – ग्रहण पाळायचं सोडून पाहायला आलेलं! आत बाई रक्तात पडलेली. आणि ती विचारतेय – मला सूट मिळाली होती का?

काका खाली बसले, उंबऱ्यावरच. आणि म्हणाले – गावाला ऐकू जाईल असं म्हणाले –

"सगुणे, तुला सूट लागतच नव्हती. त्या अवसेला इथं ग्रहण नव्हतं."

काका पुढं म्हणाले,

"लांब परदेशात होतं. आपल्याकडे रात्र होती. मला माहीत होतं. तुझ्या सासूला मी अर्धंच सांगितलं. पारूचा ओठ तुझ्यामुळं नाही."

 मग सगुणा म्हणाली. आणि काय म्हणाली, ऐका! तुम्हाला वाटेल, रडली असेल, शिव्या दिल्या असतील. नाही.

"काका, तुमी माझी समजूत घालताय."

"नाही गं."

"मला आठवतंय की. दुपार व्हती. म्या विळीवर भोपळा कापत व्हते. उजेड मळकट झाला व्हता. कुत्रं रडत व्हतं. म्या बघितलंय, काका."

मंडळी! न झालेलं ग्रहण त्या बाईनं डोळ्यांनी पाहिलं होतं! गावानं इतक्या वेळा सांगितलं, इतक्या तोंडांनी सांगितलं, की तिच्या आठवणीत दुपार काळी पडली. भोपळा कापला असेल. खुशाल कापला असेल! पण त्या दुपारी आडदऱ्यावर लख्ख ऊन होतं, नाहीतर आषाढातला पाऊस होता. ते ऊन तिच्याकडून कुणी काढून घेतलं? चंद्रानं? राहूनं? केतूनं? ते बिचारे सुटले की नाही आता!

काकांनी मग एकच केलं. जानवं हातात धरलं आणि म्हणाले, "या जानव्याची शपथ. आज मी खोटं बोलत असेन तर या जिभेनं पुन्हा मंत्र म्हणणार नाही. दिसलं नव्हतं गं. दिसलंच नव्हतं."

खाटेची कड सुटल्याचा आवाज आला, असं भामाबाई सांगते. सहा वर्षांत पहिल्यांदा ती बाई वळली. कुशीवर वळली, गुडघे पोटाशी घेतले, आणि ओरडली. तोवर ओरडलीही नव्हती.

निवृत्तीनं तिला उचललं. बाहेर आणलं. वर अर्धा सूर्य होता. भामाबाई चादर घेऊन धावली – अंगावर टाकायला. सगुणानं हातानं चादर बाजूला केली. शेवग्याखाली पारू उभी होती, फ्रॉकवर ते उजेडाचे कोयते हलत होते. सगुणा म्हणाली, "थांबा." निवृत्ती थांबला. तिनं हात लांब केला आणि पोरीच्या तोंडावरचं फडकं काढलं. ओठावरून बोट फिरवलं. त्या फटीवरून. नुसतं एकदा. आणि म्हणाली, "चला आता."

जीप सुटली. काका पुढं बसले, तसेच ओले. घाटात मोक्ष झाला. सूर्य पुरा सुटला. जीपमध्ये कुणाचं लक्ष नव्हतं.

तालुक्याला पोचले तेव्हा डॉक्टर म्हणाले – थोडं आधी यायला हवं होतं. लगेच आत नेलं, ऑपरेशन केलं. बाहेर बाकावर निवृत्ती, भामाबाई, काका, अल्ताफ. दिवे लागल्यावर सिस्टर बाहेर आली. मुलगा झाला म्हणाली. भामाबाई उठली. आणि पहिला प्रश्न काय विचारला?

"ओठ? ओठ कसा हाय?"

सिस्टर म्हणाली, "ओठ चांगला आहे, आजी. श्वास चांगला नाही."

राम कृष्ण हरी.

मृदंग नको, दादा. तसाच राहू द्या.

आता मी माझ्या प्रश्नाकडे येतो. निम्मं बोलून थांबला तो खरा, की खोटा? मंडळी, पुरतं ग्रहण लागलं की अंधार पडतो, पाखरं झाडावर येतात, माणूस सावध होतो. खंडग्रासाला तसं नसतं. ऊन असतं! सगळं दिसत असतं! म्हणून माणूस वर मान करून बघत बसतो, आणि डोळे जाळून घेतो. पुरत्या खोट्याला तुम्ही पकडता. अर्ध्या खऱ्याला घरात घेता, जेवायला वाढता, सुनेच्या गळ्यात बांधता.

आणि काकांना नावं ठेवायला घाई करू नका. काका पाण्यातून बाहेर तरी आले! तुमच्यातले किती जण अजून कंबरभर पाण्यात उभे आहेत, माळ पुरी करत? मी कुणाकडे बघत नाहीये. पण या मंडपात बसलेल्या प्रत्येकानं आठवून पाहावं – कुणीतरी कधीतरी तुमच्या दारी आलं होतं, विचारायला. तुमचा भात निवत होता. तुम्ही 'होतं' म्हणालात आणि पानावर बसलात. कुणाची तरी सून त्या शब्दाखाली आहे. कुणाची तरी पोर तोंडावर फडकं धरून तुमच्या दारावरून जाते, आणि तुम्ही तिला साखर देता!

ती आफ्रिकेतली माणसं आठवा. आकाशात अंधार झाला की ते शेजाऱ्याच्या दाराशी जातात. आपल्याला पुढचं ग्रहण यायची वाट बघायचं कारण नाही. आज आरती झाली, प्रसाद घेतला, की ज्या दाराशी जायचं आहे तिथं जा. उरलेले तीन शब्द सांगून या. शिव्या बसतील. बसू देत. त्या तुमच्याच आहेत.

बाळाचं विचारताय. विचारणारच. आता मंडपात यायच्या आधी मी दवाखान्यात फोन केला. अल्ताफनं उचलला. सगुणा शुद्धीवर आहे. पारू तिच्याजवळ आहे. तिच्या ओठाचे डॉक्टर बुधवारी येतात, तिचं नाव भामाबाईनं स्वतः सांगून ठेवलंय. काका पायरीवरून उठलेले नाहीत. आणि बाळ काचेच्या पेटीत आहे. नळी अजून काढलेली नाही.